पोटात पेन आणि इंग्रजीतल्या स्वरजोड्या

माझी भाची दुसरीत आहे, सेमी-इंग्रजीला. गेल्या पावसाळ्यात पोट दुखलं म्हणून ती एक दिवस घरी राहिली. दुसऱ्या दिवशी बाईंनी ‘काल का आली नाहीस’ ते इंग्रजीत लिहायला सांगितलं. वाक्य तसं बरोबर जमलं होतं, फक्त दुखण्याच्या जागी तिने ‘पी-ई-एन’ लिहिलं. म्हणजे पोटात पेन होतं. बाईंनी लाल गोल केला. घरी येऊन वही माझ्यासमोर आपटत ती म्हणाली, “मावशी, पेनच तर लिहिलंय! दुसरं कुठलं पेन असतं?”

तिचं चुकलं असं मला म्हणवेना. लिहायचं ते ‘पी-ई-एन’ आणि दुखतं ते ‘पी-ए-आय-एन’, हे दोन्ही आपण मराठीत ‘पेन’ असेच लिहितो आणि बहुतेकदा बोलतोही तसेच. लाल रंग तो ‘रेड’, धाड पडते ती पण ‘रेड’. ओलं झालं की ‘वेट’, थांबायचं असलं की ‘वेट’. ‘सेल’ची तर चार-चार रूपं: घड्याळातला सेल, दुकानातला सेल, विकणं आणि होडीचं शीड. आपल्याकडे ए एकच, त्याला ऱ्हस्व-दीर्घ नाही. इंग्रजीत आखूड ए वेगळा, लांब ए वेगळा, आणि लांब ए लिहायला पुष्कळदा दोन अक्षरांची जोडी लागते. माझ्या भाचीला तोंडात एकच पेन मिळालं होतं, तिने ते कागदावर उतरवलं.

हा लेख त्या जोड्यांबद्दल आहे. इंग्रजी अक्षरं मी ‘बी-ओ-ए-टी बोट’ अशीच लिहिणार आहे, कारण आपण सगळे तशीच घोकत मोठे झालो. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होतं. मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं २००० साली. आम्ही दहा-अकरा वर्षांचे घोडे होतो, मराठी वाचन पक्कं झालेलं होतं, त्यामुळे स्पेलिंगं पाठ करून निभावलं. आता सहा वर्षांचं मूल एका हाताने बाराखडी गिरवतं आणि दुसऱ्या हाताने एबीसीडी. त्याला फक्त ‘पाठ कर’ म्हणून सोडून देणं बरं नाही.

पाऊस नव्हे, काना-मात्रा

मराठी मूल इंग्रजी वाचायला बसतं तेव्हा पाटी कोरी नसते. एक खूण म्हणजे एक आवाज, हे बाराखडीने त्याच्या मनात पक्कं बसवलेलं असतं. शिवाय आपल्याकडे दोन स्वर शेजारी आले तरी दोघेही बोलतात. आई, भाऊ, पाऊस, देऊळ, घाई. ‘पाऊस’मधला आ गप्प बसत नाही आणि ऊ पण नाही. म्हणून ‘आर-ए-आय-एन’ समोर आलं की मूल ‘रा-इन’ वाचतं आणि ‘बी-ओ-ए-टी’ला ‘बो-अट’. ते मूर्खपणा करत नसतं, मराठीचा नियम इंग्रजीला लावत असतं.

त्याला समजावायची गोष्टही मराठीतच आहे. बाराखडी आठवा: क ला काना का, एक मात्रा के, काना-मात्रा को. ‘को’मध्ये काना आहे, मात्राही आहे. पण ‘को’ वाचताना कुणी आधी ‘का’ आणि मग ‘के’ म्हणतं का? दोन खुणा, आवाज एक. आणि तो आवाज ना एकट्या कान्याचा, ना एकट्या मात्रेचा.

इंग्रजीतली ‘ओ-ए’ ही जोडी तशीच आहे. ‘ए-आय’ तशीच, ‘ओ-ओ’ तशीच. भाचीला मी एवढंच म्हटलं, “हा पाऊस नाही, हा काना-मात्रा आहे.” तिला ते चटकन कळलं. मोठ्या माणसांना समजायला जास्त वेळ लागतो, कारण आपल्या डोक्यात ‘दोन अक्षरं म्हणजे दोन आवाज’ हे फार घट्ट बसलंय.

एकदा जोडी म्हणजे मात्रा हे मान्य केलं की घरातली वागणूक बदलते. अक्षरांचे पत्ते करताना ‘ओ’ आणि ‘ए’ वेगवेगळ्या पत्त्यांवर लिहायचे नाहीत, एकाच पत्त्यावर लिहायचे. वहीत शब्द लिहिताना जोडीखाली एक छोटी कमान काढायची, म्हणजे दोघांनी हात धरल्यासारखे दिसतात. आणि मोजायचं ते अक्षरांनी नाही, आवाजांनी. एल्कोनिन नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञाने यासाठी चौकटींची युक्ती सांगितली होती: शब्दात जितके आवाज तितक्या चौकटी, आणि प्रत्येक आवाजाला एक सोंगटी पुढे सरकवायची. आमच्याकडे सोंगट्यांऐवजी चिंचोके होते. ‘बोट’ म्हणजे होडी: ब्, ओ, ट्. तीन चिंचोके. मग प्रत्येक चिंचोक्याखाली अक्षरं लिहायची, आणि मधल्या चिंचोक्याखाली दोन अक्षरं बसतात हे मुलाच्याच लक्षात येतं.

इथे एक अडचण येते, ती आधीच सांगून ठेवते. मराठी मूल ‘बोट’चे दोनच तुकडे करतं: बो आणि ट. आपल्या लिपीत व्यंजन आणि त्याचा स्वर मिळून एक अक्षर होतं, त्यामुळे ‘बो’ फोडता येतो हेच त्याला माहीत नसतं. त्यासाठी पाय मोडावा लागतो. ‘ब्’वर ओठ मिटून थांबायचं आणि मग ‘ओऽ’ सोडायचा. पहिले चार-पाच दिवस या फोडाफोडीतच जातात. जाऊ द्यावेत. घाई केली तर मूल चिंचोके नुसते सरकवतं, ऐकत काही नाही.

पाच अक्षरं, वीस आवाज

इंग्रजीवर ही पाळी आली कशी? इंग्रजीत स्वरांची अक्षरं पाच. दक्षिण इंग्लंडच्या उच्चारात स्वरांचे आवाज मोजले तर ते साधारण वीस भरतात. लिपी रोमन लोकांची, लॅटिनसाठी बेतलेली. ती इंग्रजीच्या अंगाला तोकडी पडली. आपण इंग्रजी शब्दांसाठी ‘ॲ’ आणि ‘ऑ’ अशी नवी चिन्हं बनवून घेतली आणि बाराखडीची चौदाखडी केली. त्यांनी नवी चिन्हं न बनवता आहेत त्याच अक्षरांच्या जोड्या लावल्या.

सुरुवातीला यात सरळ तर्क होता. ‘एफ-ई-ई-टी’, म्हणजे पावलं, हा शब्द सहाशे वर्षांपूर्वी ‘फेऽट’ असा म्हटला जायचा. ए लांबवायचा म्हणून ‘ई’ हे अक्षर दोनदा. ‘एम-ओ-ओ-एन’ हा चंद्र ‘मोऽन’सारखा उच्चारला जायचा, म्हणून ‘ओ’ दोनदा. मग साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले लांब स्वर तोंडात एकेक पायरी वर सरकले. ‘फेऽट’चं ‘फीट’ झालं, ‘मोऽन’चं ‘मून’ झालं. भाषेच्या इतिहासात याला महास्वरबदल म्हणता येईल असाच तो प्रकार होता. आणि नेमका याच धामधुमीत, १४७६ साली, विल्यम कॅक्स्टनने लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. छापलेलं स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं, तोंडं मात्र बदलतच राहिली. आज मुलं जी पाठ करतात ती पुष्कळशी त्या जुन्या उच्चारांची छायाचित्रं आहेत.

‘ओ-यू’ची गोष्ट तर फारच मजेची. जुन्या इंग्रजीत घर म्हणजे ‘हूस’ आणि उंदीर म्हणजे ‘मूस’. (हा ‘मूस’ आणि आपल्या गणपतीचा मूषक हे एकाच घराण्यातले.) १०६६ साली नॉर्मन आले, त्यांच्यामागून फ्रेंच लिहिणारे कारकून आले. फ्रेंच पद्धतीत ऊ लिहायचा तर ‘ओ-यू’. त्यांनी इंग्रजी शब्दांनाही तेच कपडे चढवले. पुढे उच्चार सरकला, हूसचं हाउस झालं, मूसचं माउस झालं, कपडे तेच राहिले. आणि ‘सूप’, ‘ग्रूप’ असे शब्द फ्रेंचमधून मागाहून आले, ते आपला ऊ तसाच ठेवून. म्हणून एकाच जोडीचे ‘हाउस’ आणि ‘सूप’ असे दोन उच्चार होतात.

हा सगळा इतिहास दुसरीतल्या मुलाला सांगायची गरज नाही. पण ‘असं का?’ हा प्रश्न आला की ‘इंग्रजी तशीच आहे’ म्हणून झटकण्यापेक्षा ‘पूर्वी लोक तसं बोलायचे’ हे उत्तर खरं आहे आणि मुलांना आवडतंही. भाची आठवडाभर मला ‘मोऽन’ म्हणून चिडवत होती.

एक नियम मात्र लवकर सांगावा, कारण तो फार उपयोगी पडतो. इंग्रजी शब्दाला ‘आय’ किंवा ‘यू’ अक्षराने संपायला आवडत नाही. म्हणून जोडी शब्दाच्या मध्ये असली तर ‘ए-आय’, शेवटी आली तर ‘ए-वाय’. ट्रेनमध्ये ‘ए-आय’, ट्रेमध्ये ‘ए-वाय’. कॉइनमध्ये ‘ओ-आय’, टॉयमध्ये ‘ओ-वाय’. तसंच ‘ए-यू’चं शेवटी ‘ए-डब्ल्यू’ होतं आणि ‘ओ-यू’चं ‘ओ-डब्ल्यू’.

या नियमाचा सगळ्यात मोठा फलक आपल्या डोक्यावर होता. ब्रिटिशांनी ‘बॉम्बे’ लिहिलं ते शेवटी ‘ए-वाय’ घालून, त्यांच्या नियमाप्रमाणे, आवाज ए. १९९५ मध्ये मुंबई झाली तेव्हा शेवटी ‘ए-आय’ आलं, आणि आवाज अ-ई. हे स्पेलिंग मराठीच्या नियमाचं आहे, दोन्ही स्वर बोलणारं, पाऊस-छापाचं. ‘पूना’मधला ‘ओ-ओ’ पुन्हा इंग्रजी छापाचा.

आपल्या मुलांची नावंही इथे गोंधळ घालतात. वैभव, वैशाली यांच्या नावात ‘ए-आय’ म्हणजे ऐ. गौरीच्या नावात ‘ए-यू’ म्हणजे औ, आणि ताटातल्या सॉसमध्ये तोच ‘ए-यू’ म्हणजे ऑ. मूल स्वतःचं नाव सगळ्यात आधी शिकतं, त्यामुळे गौरी ‘सौस’ वाचणारच. तिला हसू नये. ‘नाव मराठी रीतीने लिहिलंय, सॉस इंग्रजी रीतीने’ एवढं सांगितलं की पुरतं.

क्लीनरच्या पोटात क्लीन

आता शब्दसंग्रहाकडे येते, कारण माझ्या मते जोड्या शिकवायचं खरं कारण तेच आहे. नुसतं खाडखाड वाचता आलं आणि अर्थ कळला नाही तर ते वाचन नव्हे. गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये हे गुणाकाराच्या भाषेत मांडलं: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा कळणं. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य.

आपल्याला वाटतं की मराठी घरातल्या मुलाकडे इंग्रजी शब्दच नाहीत. मला हे पटत नाही. त्याच्या तोंडात शेकडो आहेत, फक्त ते इंग्रजी आहेत हे त्याला माहीत नाही, आणि ते कागदावर कसे दिसतात हेही माहीत नाही. ट्रकचा क्लीनर. हॉटेलातला वेटर. घरी रंग द्यायला येणारा पेंटर. गल्लीतलं ड्रेनेज. वर्गाचा लीडर, गणपतीतला स्पीकर, बाथरूममधला हीटर, उन्हाळ्यातला कूलर, बँकेतला काउंटर.

यातला एकेक शब्द घ्या आणि शेवटचा ‘ई-आर’ झाकून ठेवा. क्लीनरच्या पोटात ‘सी-एल-ई-ए-एन’ निघतं: स्वच्छ करणं. वेटरच्या पोटात ‘डब्ल्यू-ए-आय-टी’: थांबणं, तो आपली ऑर्डर घ्यायला थांबतो म्हणून. हीटरमध्ये ‘ई-ए’, ऊब. स्पीकरमध्ये ‘ई-ए’, बोलणं. कूलरमध्ये ‘ओ-ओ’, गारवा. काउंटरमध्ये ‘ओ-यू’, मोजणं; पैसे मोजायची जागा. बॉयलरमध्ये ‘ओ-आय’, उकळणं. ड्रेनेजमध्ये ‘ए-आय’, पाणी वाहून जाणं. स्वेटरमध्ये तर घाम निघतो, ‘एस-डब्ल्यू-ई-ए-टी’, आणि ते कळल्यावर भाचीने उन्हाळ्यात मुद्दाम स्वेटर घालून बघितला.

एका शब्दातून जोडी मिळाली, क्रियापद मिळालं, अर्थ मिळाला. आणि पुढच्या वेळी पुस्तकात नुसतं ‘वेट’ आलं, ‘ए-आय’वालं, तर ते ओलं नव्हे, थांबणारं, हे तिला स्पेलिंगच सांगतं. आपल्याकडे ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. कानाला जवळजवळ सारखं, पण कागदावर वेलांटी किंवा उकार अर्थ बदलतो. इंग्रजीतल्या जोड्या तेच काम करतात. भेटणारं ‘मीट’ दोन ‘ई’चं, मटणाचं ‘मीट’ ‘ई-ए’चं. आठवड्याचा ‘वीक’ दोन ‘ई’चा, अशक्त ‘वीक’ ‘ई-ए’चा. चहासाठीचा ‘ब्रेक’ ‘ई-ए’चा आणि सायकलचा ‘ब्रेक’ साध्या ‘ए’चा, शेवटी मुका ‘ई’ लावलेला.

‘ओ-यू’ शिकवायचं असेल तर क्रिकेटसारखी शाळा नाही. आउट, ग्राउंड, बाउन्सर, बाउंड्री, ऑल-राउंडर. सगळ्यांत ‘ओ-यू’, सगळ्यांत आउ. ज्या मुलाला इंग्रजीचं पुस्तक उघडायला आवडत नाही त्याला स्कोअरबोर्ड काढायला लावा. ‘टीम’ आणि ‘क्रीज’ आले की ‘ई-ए’ फुकट मिळतो, ‘कोच’ आला की ‘ओ-ए’.

आणि रस्त्यावरच्या पाट्या. आपल्याकडे दुकानाचं नाव मराठीत असतंच आणि बहुतेक ठिकाणी बाजूला इंग्रजीतही असतं. एकच शब्द दोन लिप्यांत, फुकट, रोज. टेलर्स, पेंट्स, ऑइल, फूड, टॉईज. संध्याकाळी भाजी आणायला जाताना ‘आज ए-आय शोधायचे’ एवढाच खेळ. पहिल्या दिवशी आम्हाला टेलर आणि पेंट मिळाले, तिसऱ्या दिवशी भाचीनेच ‘मेन रोड’ दाखवला: एकात ‘ए-आय’, दुसऱ्यात ‘ओ-ए’.

एक सवय मात्र मोडावी असं मला फार वाटतं. पालक इंग्रजी पुस्तकात शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलने मराठीत उच्चार लिहून देतात. हेतू चांगला असतो. पण मूल मग वरचं मराठी वाचतं, खालच्या जोडीकडे बघतच नाही. आणि वर लिहिलेलं ‘पेन’ कुठलं पेन, हे मराठी सांगू शकत नाही. आपण जिथून सुरुवात केली तिथेच परत येतो. लिहायचाच असेल तर अर्थ लिहा, ‘दुखणं’. उच्चार मुलाला जोडीतून काढू द्या.

दोन किल्ल्यांची कुलपं

कोणती जोडी आधी? ज्या जोड्या शब्द बदलला तरी आवाज फारसा बदलत नाहीत, त्या आधी. ‘ई-ई’ अगदी विश्वासू. मग ‘ए-आय’ आणि ‘ए-वाय’, मग ‘ओ-ए’, मग ‘ओ-आय’ आणि ‘ओ-वाय’. ‘ओ-आय’वाले बरेचसे शब्द फ्रेंचमधून आलेत, कॉइन, पॉइंट, जॉइन, ऑइल, आणि सगळे शिस्तीत वागतात. एका वेळी एकच जोडी, आठवडाभर तीच. भिंतीवर सगळ्या जोड्यांचा रंगीत तक्ता लावला की पालकांना समाधान मिळतं. मूल त्याकडे देव्हाऱ्यातल्या फोटोसारखं बघतं, लांबून.

‘ओ-ओ’ला जरा जपून हात घालावा. रूम, झूम, स्पून, स्कूल यांत दीर्घ ऊ. पण बुक, गुड, फुट यांत ऱ्हस्व. आणि इथे मराठीचा एक नियम आडवा येतो. ‘दिन’, ‘सुत’ असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडले, तर शेवटी अ असलेल्या शब्दात त्याच्या आधीचा इकार-उकार आपण दीर्घ लिहितो: फूल, दूध, तीळ, मीठ. हात आणि कान दोन्ही त्या वळणाचे झालेले. म्हणून आपली मुलं बस या अर्थाचं ‘सिट’ही ‘सीट’ म्हणतात, आणि भरलेलं ‘फुल’ नि मूर्ख तो ‘फूल’ एकच होतात. उच्चारावरून फार छळू नये. लंडनसारखं बोलणं हा आपला उद्देश नाही. पण कागदावर भरलेला एका ‘यू’चा आणि मूर्ख दोन ‘ओ’चा, हा फरक डोळ्याला दिसायला हवा.

सगळ्यात नाठाळ जोडी ‘ई-ए’. पूर्वी तिचा आवाज ए आणि ॲ यांच्या मधला कुठलासा होता. महास्वरबदलात बहुतेक शब्द ई-पर्यंत चढले: टी, सी, टीम. काही शब्दांत स्वर आखडला: हेड, ब्रेड, थ्रेड, लेदर. आणि ग्रेट, ब्रेक, स्टेक असे दोन-चार शब्द अर्ध्या जिन्यातच बसून राहिले. यावर नियम शोधू नये. मुलाला सांगावं की या कुलपाला दोन किल्ल्या आहेत. आधी ई लावून बघ. ओळखीचा शब्द झाला? उघडलं. नाही झाला, तर ए लाव. ‘बी-आर-ई-ए-डी’ला ई लावली तर ‘ब्रीड’ होतं, ते तिच्या ओळखीचं नाही. ए लावला तर ‘ब्रेड’, कुलूप उघडलं. गंमत अशी की ही युक्ती फक्त ओळखीच्या शब्दांवर चालते. ज्या मुलाने ‘थ्रेड’ कधी ऐकलाच नाही त्याची कुठलीच किल्ली लागत नाही. म्हणून वाचून दाखवणं, गोष्टी सांगणं, बोलणं हे जोड्यांच्या आधीही चालू हवं आणि नंतरही.

‘ओ-डब्ल्यू’लाही दोनच किल्ल्या, आणि मुंबईकरांना त्या पाठ आहेत: ‘डाउन स्लो’ लोकल. डाउनमध्ये आउ, स्लोमध्ये ओ.

इंग्रजी शाळांत एक ठेका चालतो: दोन स्वर फिरायला निघाले की पहिला बोलतो, दुसरा गप्प. ऐकायला छान आहे, ‘रेन’ आणि ‘बोट’ला लागूही पडतो. १९६३ मध्ये थिओडोर क्लायमर या अमेरिकी अभ्यासकाने लहान मुलांच्या पुस्तकांतले शब्द घेऊन तो तपासला. नियम ४५ टक्के शब्दांनाच लागला. म्हणजे नाणं उडवलं असतं तर थोडं जास्त बरोबर आलं असतं. ‘हाउस’मध्ये पहिला बोलत नाही, ‘कॉइन’मध्ये नाही, ‘मून’मध्ये तर दोघेही सारखेच. नियम एकाच वेळी सगळ्या जोड्यांना बांधायला जातो म्हणून फसतो. जोडीजोडीने शिकलेलं टिकतं.

शिवाय काही वेळा शेजारी बसलेले दोन स्वर जोडी नसतातच, नुसते शेजारी असतात. लायन, पोएम, पियानो. इथे दोघेही बोलतात, आपल्या पावसासारखे. सायन स्टेशनची पाटी बघा, ‘एस-आय-ओ-एन’. जोडी धरून वाचून बघायचं, जमलं नाही तर पाऊस समजून वाचायचं.

मूल खरंच जोडी वाचतंय की शब्दाचा फोटो आठवतंय, हे ओळखायचं कसं? इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिलीच्या मुलांची एक छोटी तपासणी होते. ४० शब्द वाचायचे, त्यातले २० निरर्थक. त्यांच्याशेजारी परग्रहावरच्या प्राण्यांची चित्रं असतात, म्हणजे मुलांना कळतं की हे खरे शब्द नव्हेत. निरर्थक शब्द पाठ असूच शकत नाही, तो वाचावाच लागतो. परीक्षा म्हणून मला याचं काही कौतुक नाही, पण खेळ म्हणून झकास आहे. आम्ही चिठ्ठ्यांवर ‘ब्लोप’, ‘झेन’, ‘मूज’ अशी राक्षसांची नावं लिहितो, प्रत्येकात एक जोडी, आणि भाची नाव वाचून त्या राक्षसाचं चित्र काढते. मूज नावाच्या राक्षसाला तिने दोन ‘ओ’चे डोळे काढलेत.

हार्बर लाइनवर

गेल्या महिन्यात आम्ही वाशीहून व्हीटीला निघालो होतो. खिडकीची जागा मिळाली. वडाळ्यापासून पुढे हार्बर लाइन म्हणजे ‘ओ-ए’ची खाण आहे: वडाळा रोड, रे रोड, डॉकयार्ड रोड, सँडहर्स्ट रोड. पाट्यांवर देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही. मध्ये कॉटन ग्रीन आलं, तिथला दोन ‘ई’चा ‘ग्रीन’ तिने गाडी थांबायच्या आत वाचला.

पुढचं स्टेशन रे रोड. ‘रोड’ लगेच जमला. ‘रे’कडे बघत बसली. ‘आर-ई-ए-वाय’.

“मावशी, यात ई-ए पण आहे आणि ए-वाय पण आहे. मधला ए कुणाचा?”

मी म्हटलं, हे माणसाचं नाव आहे. लॉर्ड रे, १८८५ ते १८९० मुंबईचा गव्हर्नर. नाव स्कॉटलंडकडचं. नावांना नियम लागत नाहीत, तुझ्या वर्गातल्या गौरीसारखं.

तिने पाटीकडे पुन्हा एकदा बघितलं. “म्हणजे त्याच्या बाई पण त्याला लाल गोल करत असतील,” असं म्हणाली आणि डॉकयार्ड रोडची वाट बघत खिडकीला नाक लावून बसली.